वात शेवटी ठरवावी : काचेतल्या मेणबत्तीसाठी मेण आणि वात निवडताना

माझ्या नोंदवहीत एका मेणबत्तीने चार पाने घेतली आहेत. साडेसात सेंटिमीटर रुंदीचा, सरळ कडांचा काचेचा पेला, दोनशे ग्रॅम सोयामेण, त्यात बारा ग्रॅम सुगंधी तेल आणि वातीच्या तक्त्यात त्या रुंदीसमोर छापलेली वात, असा साधा बेत होता. पहिल्या दिवशी चार तासांत वितळलेल्या मेणाचे तळे काचेच्या कडेला जाऊन टेकले, ज्योत एकसारखी तेवत राहिली, आणि मी पानाच्या तळाशी ‘जमले’ असे लिहून टाकले. मेणबत्ती निम्म्याच्या खाली उतरली तेव्हा त्याच ज्योतीची उंची जवळजवळ दीडपट झाली, ती थरथरू लागली, पेल्याच्या आतल्या काठावर काजळी धरली आणि काचेला बोट लावून ठेवणे अशक्य झाले. वात तीच होती, मेण तेच होते, पेलाही तोच होता. ज्योत तेवढी काचेच्या आत खोल गेली होती.

त्या मेणबत्तीनंतर वात निवडण्याची माझी पद्धत पूर्ण बदलली, आणि ती सविस्तर मांडावी म्हणून हे लिहीत आहे. घरी मेणबत्त्या करणारे बहुतेक जण आधी पेल्याची रुंदी मोजतात, तक्त्यातून वात निवडतात आणि त्यानंतर मेण, सुगंध व रंग यांचे प्रयोग करत बसतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पेला, मेणाचे मिश्रण, सुगंधी तेलाचे प्रमाण आणि रंग हे सगळे कायम झाल्यावर वात शेवटी ठरवावी, आणि तिचा निकाल पहिल्या दिवसाच्या तळ्यावरून न लावता पेल्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात लावावा.

मेणबत्तीत मुख्यतः मेण जळते, हे सगळ्यांना ठाऊक असते. वात निवडताना मात्र ते नेमके विसरले जाते. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, ते केशाकर्षणाने धाग्यांमधल्या बारीक पोकळ्यांतून वर चढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेत मिसळून पेटते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्याने दिली, त्यांत त्यांनी नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीतून वर जाणाऱ्या वाफेला जळती काडी लावून दाखवली होती. काडी वातीला न टेकताच ज्योत त्या वाफेतून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. वारा नसलेल्या खोलीत हा प्रयोग कोणालाही करता येतो, आणि तो एकदा डोळ्यांनी पाहिला की वात म्हणजे इंधन वर पोहोचवणारा मार्ग आहे ही गोष्ट मनात पक्की बसते. हा मार्ग अरुंद असेल तर ज्योत लहान राहते, तळे कडेपर्यंत पसरत नाही आणि मेणबत्ती विहीर खणल्यासारखी मधोमध खाली जात राहते. मार्ग गरजेपेक्षा रुंद असेल तर येणाऱ्या सगळ्या वाफेला पुरेशी हवा मिळत नाही, अर्धवट जळलेला कार्बन काजळीच्या रूपाने बाहेर पडतो आणि वातीच्या टोकाला काळा गोळा धरतो.

वात विणण्यामागेही मोठा विचार आहे. जुनी पिळाची वात ज्योतीच्या आत ताठ उभी राही, तिथे प्राणवायू पोहोचत नसल्यामुळे ती जळून जात नसे, आणि तिचे लांबलेले टोक पुन्हा पुन्हा कात्रीने कापावे लागे. १८२५ मध्ये फ्रान्समधल्या कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. विणीतल्या ताणामुळे अशी वात जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला, म्हणजे हवेच्या संपर्कात, येते आणि आपोआप राख होऊन झडते. चांगल्या वातींवर याखेरीज बोरॅक्स (टाकणखार) किंवा अमोनियमच्या क्षारांची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे विझवल्यावर त्या फार वेळ धुमसत नाहीत आणि त्यांची राखही नीट होते. शिवणाच्या किंवा विणकामाच्या साध्या सुती दोऱ्याची वात करून पाहणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच. दोरा तोच कापसाचा असला तरी त्याची वीण, घट्टपणा आणि प्रक्रिया वेगळी असते.

आता मेणाकडे वळतो, कारण वातीवर पडणारा खरा भार तिथून येतो. काचेत ओतण्यासाठी विकले जाणारे सोयामेण साधारण ४५ ते ५२ अंश सेल्सिअसला वितळते, पेल्यांसाठीचे पॅराफिनही (खनिज तेलापासून काढलेले मेण) बहुतेक वेळा त्याच्याच आसपास किंवा थोडे वर वितळते, आणि मधमाश्यांचे मेण मात्र ६२ ते ६४ अंशांपर्यंत दाद देत नाही. केवळ हे आकडे पाहून वात निवडता आली असती तर काम सोपे झाले असते. पण वितळणबिंदू सारखा असला तरी वितळलेल्या मेणाचा दाटपणा सारखा नसतो, आणि वातीतून किती मेण चढेल हे त्या दाटपणावर ठरते. वितळलेले पॅराफिन पातळ असते व ते झरझर चढते. सोयामेण त्यापेक्षा दाट असल्यामुळे सावकाश चढते, म्हणून त्याच रुंदीच्या पेल्यात पॅराफिनपेक्षा सोयामेणाला बहुधा एक-दोन माप मोठी वात लागते. मधमाश्यांचे मेण उशिरा वितळते आणि दाटही असते, त्यामुळे पॅराफिनसाठी योग्य ठरलेली वात त्यात अक्षरशः बुडून विझते.

सोयामेण म्हणजे हायड्रोजनीकरणाने घट्ट केलेले सोयाबीनचे तेल. ते काचेला बऱ्यापैकी धरून राहते, कमी तापमानाला वितळते आणि भांडी साबणाच्या गरम पाण्याने धुता येतात, म्हणून घरी काम करणाऱ्यांना ते सोयीचे वाटते. त्याचा स्वभाव मात्र चंचल आहे. त्यातली ट्रायग्लिसराइडे, म्हणजे तेलातल्या मेदाचे रेणू, एकाहून अधिक प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतात, आणि आधी जमलेले स्फटिक काळानुसार अधिक स्थिर रूपात बदलत गेले की पृष्ठभागावर आणि काचेच्या आतून दहिवर पडल्यासारखी पांढरट नक्षी उमटते. तिने जळण्यात काही बिघडत नाही, पण रंगीत मेणबत्तीवर ती डोळ्यांना खुपते. ओतण्याचे तापमान, थंड होण्याचा वेग आणि खोलीची ऊब यांवर ती कमी-जास्त होते. संपूर्ण नाहीशी करण्याच्या मागे मी लागत नाही, सोयामेणाला रंगच देत नाही.

पॅराफिनचा प्रश्न निराळा आहे. गोठताना त्याचे आकारमान सुमारे दहा टक्क्यांनी घटते, त्यामुळे वातीभोवती खळगा पडतो, पृष्ठभागाखाली पोकळ्या राहतात आणि मेण काचेपासून सुटले की बाहेरून ओले डाग पडल्यासारखे दिसते. खळगा भरण्यासाठी थोडे मेण राखून ठेवून दुसऱ्यांदा ओतावे लागते. पॅराफिनबद्दल एक गैरसमज इतका पसरला आहे की त्याविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. पॅराफिनची काजळी होते आणि सोयामेणाची होत नाही, असे ठामपणे सांगितले जाते. पण वात मोठी असेल, वाऱ्याने ज्योत हलत असेल किंवा पेला खोल असेल तर कोणत्याही मेणाची काजळी होते. वर सांगितलेल्या माझ्या मेणबत्तीत पॅराफिनचा कणही नव्हता, तरी पेल्याचा काठ काळा झाला.

मिश्रणे करायची ती या स्वभावांची जोड घालण्यासाठी. माझ्या अनुभवात सत्तर भाग सोयामेण आणि तीस भाग पॅराफिन हे मिश्रण शिकणाऱ्याला सर्वांत सांभाळून घेते. पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, पांढरी नक्षी कमी होते, मेण पातळ झाल्यामुळे वातीवरचा भार हलका होतो आणि सुगंध खोलीत चांगला पसरतो. केवळ वनस्पतिजन्य मेणे वापरायची असतील तर सोयामेणात नारळमेण मिसळावे. नारळमेण मऊ असते, तळे लवकर रुंदावते आणि काचेला उत्तम चिकटते. मात्र घट्ट केलेले नारळमेण आणि साधे नारळतेल यांत गल्लत होऊ देऊ नये, कारण नारळतेल २४ अंशांच्या आसपासच वितळते आणि ते जास्त पडले तर उन्हाळ्यातल्या बंद खोलीत मेणबत्तीला घाम फुटल्यासारखे थेंब येतात. मधमाश्यांचे मेण सोयामेणात दहा टक्क्यांपर्यंत घातले तर मिश्रण कडक होते आणि उष्णता सोसते. त्यापुढे गेलो की प्रत्येक वेळी मला वात वाढवावी लागली आहे.

स्टिअरिक आम्ल या मेदापासून मिळणाऱ्या घट्ट, पांढऱ्या पदार्थाविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ कृतींमध्ये ते पॅराफिनबरोबर सरसकट सुचवलेले असते. साच्यात ओतून बाहेर काढायच्या मेणबत्तीत त्याचा खरोखर उपयोग होतो. ते मेणाला कडकपणा व पांढरेपणा देते आणि गोठताना मेण अधिक आकसत असल्यामुळे मेणबत्ती साच्यातून सहज सुटते. पेल्यातल्या मेणबत्तीत आपल्याला याच्या अगदी उलट हवे असते. मेण काचेला धरून राहावे म्हणून धडपडायचे आणि त्याच मेणात ते सुटण्यास मदत करणारा पदार्थ घालायचा, हे एकमेकांच्या विरुद्ध आहे. काचेसाठी पॅराफिन वापरताना एक-दोन टक्के मायक्रोक्रिस्टलाइन मेण घालणे मला अधिक योग्य वाटते, कारण त्याचे स्फटिक बारीक असतात, ते लवचीक व चिकट असते आणि पॅराफिनचे सुटणे कमी करते. तेही हात राखूनच घालावे; ते वाढले की वितळलेले मेण दाट होते आणि वात उपाशी राहते.

मिश्रण ठरले की सुगंधी तेल. त्याचे प्रमाण नेहमी वजनावर काढावे, चमच्यावर किंवा थेंबांवर नव्हे, कारण निरनिराळ्या तेलांची घनता सारखी नसते. दोनशे ग्रॅम मेणात सहा टक्के म्हणजे बारा ग्रॅम, आणि माझी सुरुवात नेहमी इथूनच होते. मेण दहा टक्के तेल पेलते असे पाकिटावर लिहिलेले असले तरी ती वरची मर्यादा आहे. तेल जास्त झाले तर ते गोठलेल्या मेणात धरून राहत नाही, पृष्ठभागावर पाझरते आणि वातीत शिरून तिची गती बिघडवते. व्हॅनिला, कस्तुरी किंवा चंदन यांसारखे जड सुगंध वातीला मंद करतात, तर लिंबूवर्गीय हलके सुगंध तितका त्रास देत नाहीत. त्यामुळे तेच मेण, तोच पेला आणि तेच सहा टक्के असूनही सुगंध बदलला की वातीची चाचणी पुन्हा घ्यावी लागते. सहा मेणबत्त्यांसाठी सहा सुगंध एकदम विकत घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरून एकच सुगंध शेवटपर्यंत नेला तर शिकणे कितीतरी लवकर होते.

रंगाबाबत एवढेच, की तेलात विरघळणारे मेणबत्तीचे रंग वापरावेत. रंगीत खडू किंवा न विरघळणारी रंगद्रव्ये घातली तर त्यांचे बारीक कण तळ्यातून वातीत जातात आणि तिच्या पोकळ्या बुजवतात, आणि मग वात लहान पडली असे समजून आपण ती विनाकारण वाढवत राहतो.

एवढे सगळे कायम झाल्यावर वातीचा प्रश्न हाताशी घ्यावा. पेल्यांसाठी मिळणाऱ्या वातींची काही कुळे आहेत. सीडी, इको आणि एलएक्स या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वाती चपट्या विणीच्या असून त्यांच्या मध्यभागी वेगळा गाभा नसतो. सीडी आणि इको यांत कापसाबरोबर कागदाचे बारीक तंतू असतात. या वाती जळताना किंचित वाकतात, त्यामुळे टोकाचा काळा गोळा कमी होतो, आणि सोयामेणासारख्या दाट मेणांत त्या चांगले काम करतात. चौकोनी विणीची वात मधमाश्यांच्या मेणासाठी पूर्वीपासून मान्य आहे. गाभा असलेल्या वातीत कापूस, कागद किंवा जस्ताची बारीक तार असते. गाभ्यामुळे ती खोल तळ्यातही ताठ राहते, पण वाकत नसल्यामुळे टोकाला गोळा लवकर धरतो. धातूचा गाभा म्हटले की शिशाची भीती वाटते, आणि ती एके काळी खरी होती. शिशाच्या गाभ्याच्या वातींवर अमेरिकेत ऑक्टोबर २००३ पासून बंदी लागू झाली. जस्ताची तार ही वेगळी वस्तू आहे. तरीही ज्या वातीच्या गाभ्यात कोणता धातू आहे हे विकणाऱ्याला सांगता येत नाही, ती वात मी घरात आणत नाही.

लाकडी वातीची मोहिनी मी जाणतो, तिची रुंद आडवी ज्योत आणि हलकी चटचट मलाही आवडते. ती तीन-चार मिलिमीटरपर्यंत आखूड कापावी लागते आणि नारळमेण असलेल्या मऊ मिश्रणात अधिक खुलते. पण लाकूड ही नैसर्गिक वस्तू असल्यामुळे एका पट्टीसारखी दुसरी जळेलच असे नाही, म्हणून सुरुवात करणाऱ्याने आधी विणलेल्या वातीवर हात बसवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मापांच्या आकड्यांविषयी एक सावधगिरी. सीडी कुळातला बारा क्रमांक आणि इको कुळातला बारा क्रमांक या सारख्या वाती नव्हेत. आकडा फक्त आपापल्या कुळात वाढत जातो. तक्त्यात पेल्याची रुंदी पाहताना ज्या उंचीवर मेण भरणार आहोत तिथली आतली रुंदी घ्यावी, बाहेरून मोजलेली किंवा तोंडाशी मोजलेली चालत नाही. तक्त्याने सुचवलेल्या मापाबरोबर त्याच कुळातले एक माप खालचे आणि एक माप वरचे घ्यावे आणि एकसारखे तीन पेले ओतावेत. पेला नऊ-दहा सेंटिमीटरहून रुंद असेल तर एका जाड वातीने मध्यभाग तापवत बसण्यापेक्षा दोन लहान वाती लावणे चांगले. मात्र दोन ज्योती एकमेकींना तापवतात, म्हणून प्रत्येक वात अंदाजापेक्षा थोडी लहानच घ्यावी.

ओतल्यानंतर लगेच चाचणी घेऊ नये. पॅराफिनला दोन-तीन दिवस आणि सोयामेणाला निदान एक आठवडा, शक्य असल्यास दोन, मुरू द्यावे लागते. सोयामेण या काळात आतून अधिक कडक होत जाते, आणि दुसऱ्याच दिवशी पेटवलेल्या मेणबत्तीवरून ठरवलेली वात पंधरा दिवसांनी लहान पडलेली दिसते.

चाचणीची माझी रीत अशी आहे. मेणबत्ती पेटवण्याआधी पेल्यासकट वजन करतो, वात सहा मिलिमीटरवर कापतो, वारा नसलेल्या जागी ती चार तास जळू देतो आणि या चार तासांत खोली सोडत नाही. विझवल्यावर पुन्हा वजन करतो, आणि मेणबत्ती पूर्ण थंड होऊन घट्ट झाल्याशिवाय पुढची बैठक सुरू करत नाही. दर बैठकीत तळ्याची रुंदी व खोली, ज्योतीची उंची, टोकाचा गोळा, काठावरची काजळी आणि काचेची ऊब लिहून ठेवतो. या सगळ्यांत वजनाचा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तळे डोळ्यांना फसवते, वजन फसवत नाही. एक ग्रॅम मेण जळताना साधारण चाळीस किलोज्यूल उष्णता देते. म्हणजे ताशी पाच ग्रॅम जाळणारी ज्योत सुमारे पंचावन्न वॅटची शेगडी झाली, आणि ताशी सात ग्रॅम जाळणारी जवळजवळ अठ्ठ्याहत्तर वॅटची. साडेसात सेंटिमीटरच्या पेल्यात हा फरक केवढा मोठा आहे, हे काचेला हात लावला की कळते.

सुरुवातीला सांगितलेल्या मेणबत्तीत मी फक्त वात बदलली. त्याच कुळातली एक माप लहान घेतली, बाकी काही हलवले नाही. भरलेल्या पेल्याचे वजन ४४६ ग्रॅम होते, त्यातला रिकामा पेला २३४ ग्रॅमचा. पहिल्या बैठकीत १७ ग्रॅम मेण जळले, म्हणजे ताशी सव्वाचार ग्रॅम, आणि काचेच्या कडेने आठ मिलिमीटर रुंदीचे न वितळलेले कडे राहिले. पूर्वीचा मी इथेच ही वात नापास करून टाकली असती. तिसऱ्या बैठकीला कडे तीन मिलिमीटरवर आले. पाचव्या बैठकीत तळे कडेला टेकले आणि काचेवर राहिलेला जुना थरही वरून वितळून खाली ओघळला. सहाव्या बैठकीपासून दर वेळी २० ग्रॅम, म्हणजे ताशी पाच, असा वेग स्थिर झाला. तळ्याची खोली एक सेंटिमीटरच्या आत राहिली, ज्योत उंचावली नाही आणि काठ स्वच्छ राहिला. आधीच्या वातीच्या पानावर मात्र पहिल्याच बैठकीत २२ ग्रॅम आणि सहाव्या बैठकीत २८ ग्रॅम अशी नोंद आहे.

असे होण्याचे कारण पेल्यातच आहे. वरच्या भागात ज्योतीची बरीच उष्णता उघड्या हवेत निघून जाते. मेणबत्ती खाली उतरते तशी ज्योतीभोवती काचेची भिंत उभी राहते, ती भिंत तापून उष्णता मेणाला परत देते, मेण अधिक तापले की अधिक पातळ होते आणि त्याच वातीतून अधिक वेगाने चढते. दुसरीकडे आत येणारी थंड हवा आणि बाहेर जाणारी गरम हवा यांना एकाच तोंडातून वाट काढावी लागते, म्हणून इंधन वाढत असतानाच प्राणवायूचा पुरवठा विस्कळीत होतो आणि ज्योत थरथरू लागते. तोंडाशी निमुळत्या झालेल्या पेल्यात हे आणखी लवकर घडते. म्हणूनच वर किंचित उपाशी दिसणारी वात खाली पोटभर जेवते, आणि वर तृप्त दिसणारी वात खाली उतू जाते. पहिल्या बैठकीत तळे काठाला टेकलेच पाहिजे हा नियम मी सोडून दिला आहे; तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत न वितळलेले कडे आकसत येत असेल तर मी वाट पाहतो, आणि ते तसेच राहून जाड होत असेल तरच वात एक माप वाढवतो.

दोष दिसला की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वातीच्या टोकाला गोळा धरत असेल तर बहुधा वात मोठी असते, पण सुगंधी तेल जास्त झाल्यानेही तसेच दिसते. ज्योत सुरुवातीला चांगली असून अर्ध्या तासात मंदावत असेल तर वात लहान असण्याबरोबरच ती ओतण्याआधी मेणात भिजवून घेतली होती की नाही, हेही तपासावे. भिजवल्याने धाग्यांमधली हवा निघून जाते आणि पहिल्या मिनिटापासून मेण चढू लागते. वात आणि सुगंध दोन्ही एकदम बदलले तर सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली हे वहीला सांगता येत नाही.

वितळवण्याविषयी मोजकेच लिहितो. मेण थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, त्यात थर्मामीटर सतत असावा आणि भांड्याकडे पाठ करू नये. मेणाने कधी पेट घेतलाच तर त्यावर पाणी ओतू नये. आच बंद करून झाकण घालावे. चाचणीच्या वेळी काच बोट टेकवून ठेवता येणार नाही इतकी तापली तर मी तीच बैठक शेवटची समजतो, मेणबत्ती कितीही सुंदर दिसत असली तरी.

लहान वातीची ती मेणबत्ती दहाव्या बैठकीत संपली. वात ज्या धातूच्या चकतीत बसवली होती तिची मान सहा मिलिमीटर उंच होती, आणि मेणाची पातळी त्या मानेपर्यंत उतरल्यावर, साडेतीन तास होत असताना, ज्योत हळूहळू लहान होत आपोआप विझली. पेल्याचे वजन २५७ ग्रॅम भरले, म्हणजे तळाशी २३ ग्रॅम मेण उरले होते. ते वाया गेले असे मी मानत नाही, कारण त्या थरामुळेच ज्योतीची आच काचेच्या तळाला थेट लागली नाही. पेला गार झाल्यावर आतला काठ पांढऱ्या कापडाने पुसून पाहिला. कापडावर डाग उमटला नाही, आणि मग त्या पानावर मी वातीचे कूळ, माप, मेणाचा व सुगंधाचा तपशील आणि तारीख लिहिली.